गोगलगाय कोणाची

१२ फेब्रुवारी

टिल्ल्या,

दाराच्या चौकटीला डोकं लागायला लागलं तरी मला तू टिल्ल्याच, तेव्हा तोंड वाकडं करू नकोस. फोन केला की तू मीटिंगमध्ये असतोस. पत्राला मीटिंग नसते, म्हणून लिहिते आहे. ईमेल मुद्दामच करत नाही, कारण माझा ईमेलचा पत्ताच सध्या वादात सापडला आहे.

परवा चष्म्याच्या दुकानातून घरी आले. (हो, अजून जाते, अर्धा दिवस. मालक म्हणतात माझ्यासारखी काच घासणारं मशीन अजून निघालेलं नाही. पगारवाढीचा विषय निघाला की म्हणतात, मशीन मागवलंय.) दारात एक पाकीट पडलं होतं. आत जाड कागद, वर कंपनीचं चित्र, खाली वकिलाची सही, तीही अशी की रागावलेल्या कोंबडीने पाय घासले असावेत.

गोगलगाय या नावाचे तंबू विकणारी एक कंपनी निघाली आहे म्हणे. पाठीवर घर घ्या आणि हिंडा, अशी त्यांची जाहिरात. ‘गोगलगाय’ हा त्यांचा ट्रेडमार्क, तो त्यांनी गेल्या वर्षी नोंदवला. आणि मी, त्यांच्या नावाचा फायदा उपटायच्या वाईट हेतूने, ‘गोगलगाय डॉट कॉम’ हे डोमेन दडपून बसले आहे. ते मुकाट्याने त्यांच्या नावावर करून द्यावं, नाहीतर लवादापुढे खेचतील.

तुझ्या वडिलांना सांगितलं तर दादा म्हणाला, “डोमेन म्हणजे काय?” मी म्हटलं, “इंटरनेटवरचा घराचा पत्ता. वर्षाचं भाडं भरायचं आणि राहायचं.” तर म्हणतो, “मग दे सोडून. तिथे कुठे तू झोपतेस?” दादाशी बोलणं म्हणजे भिंतीला चष्मा लावणं.

तुला आठवतच असेल, तू कॉलेजात होतास तेव्हा तूच मला ते नाव घेऊन दिलंस आणि साइटही बांधून दिलीस. तेव्हापासून मागच्या गॅलरीतल्या माझ्या गोगलगायींचे फोटो मी तिथे लावते, कोण काय खातं, कोण कोणावर बसतं ते लिहिते. किती लांबलांबची माणसं वाचतात. पोस्टातून निवृत्त झालेले एक गृहस्थ रोज सकाळी बघितल्याशिवाय दाढी करत नाहीत.

तू शब्दांच्या धंद्यातला. मला उत्तर लिहायला मदत कर. आणि हो, तुझी नवी नोकरी नक्की कशाची आहे रे? दादालाही धड सांगता येत नाही.

तुझी
आत्या


२० फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तुझं पत्र वाचून काळजी वाटली. खरंच वाटली.

थंड डोक्याने विचार कर. मोठ्या कंपनीशी कशाला लागतेस? त्यांच्याकडे वकिलांची फौज असते. तुझं आता जरा निवांत बसायचं वय. आणि नावात काय आहे एवढं? ‘आत्याच्या गोगलगायी’ असं नवं नाव घे, किती आपुलकीचं वाटतं बघ. किंवा ‘गॅलरीतल्या गोगलगायी’. मी एका दुपारी सगळं हलवून देतो, एकही फोटो हरवणार नाही. पोस्टवाल्या काकांना नवा पत्ता आपण कळवू, त्यांची दाढी खोळंबणार नाही.

मला तर वाटतं, तू आपण होऊन नाव दिलंस तर कंपनी तुला एखादा छानसा तंबूही भेट देईल. सांगता येत नाही, पण देईल.

माझी नोकरी उत्तम चालू आहे. प्रवासाचं सामान, बॅगा, सतरंज्या, असंच काहीबाही. काम फार असतं, म्हणून फोन राहून जातो. राग मानू नकोस.

उत्तर लिहायची घाई करू नकोस. वकिलाला उलट उत्तर दिलं की प्रकरण चिघळतं.

तुझा
टिल्ल्या


१ मार्च

टिल्ल्या,

तंबू मी कुठे लावू? कपाटावर?

निवांत बसायच्या वयाचं म्हणशील, तर बसले असते, पण बसू देतं कोण. महिन्याभरापासून मला अनोळखी माणसांच्या ईमेल येताहेत. पहिली आली ती अशी: ‘माझी गोगलगाय उघडतच नाहीये, काय करू?’ मला दया आली. मी लिहिलं, जबरदस्ती करू नका, ओल्या फडक्यावर ठेवा, आणि लांबून बघत राहा. दुसऱ्या दिवशी उत्तर: ‘उघडली. मनापासून आभार.’ मी खूष.

मग एकाने विचारलं, ‘तुमच्या गोगलगायीत चौघं मावतील का?’ मी लिहिलं, मावणार नाहीत, आणि कृपा करून प्रयत्नही करू नका. एक बाई म्हणाल्या, ‘पावसात ठेवली तर चालेल ना?’ मी म्हटलं, चालेल काय, नाचेल. आणखी एकाला ती घडी करून पिशवीत कोंबायची होती. त्याला मी जरा रागावूनच लिहिलं.

आता तू म्हणशील, आत्या, ही तंबूवाल्यांची गिऱ्हाइकं. असतील. पण मला कसं कळावं? साइटवर ढळढळीत गोगलगायींचे फोटो आहेत. प्रश्न विचारणाऱ्याला ते दिसत नाहीत आणि उत्तर देणाऱ्या म्हातारीने मात्र ओळखायचं, हा कुठला न्याय?

नाव मी सोडणार नाही. ‘आत्याच्या गोगलगायी’ म्हणजे लहान मुलांच्या गाण्याचं पुस्तक वाटतं. सोबत माझ्या उत्तराचा कच्चा खर्डा आहे. तिसऱ्या ओळीत वकिलाला ‘बिनकण्याचा’ म्हटलंय. ते गोगलगायीच्या अंगाने घ्यायचं की कसं, ते तू ठरव.

एक मात्र मानलं पाहिजे. तंबूला असं नाव सुचणारा माणूस कल्पक असणार. कोण असेल रे?

आत्या


१० मार्च

प्रिय आत्या,

आधी कामाचं. त्या ईमेलना उत्तरं देणं आजच्या आज बंद कर. लवादापुढे कंपनीला हे दाखवावं लागतं की नाव त्यांच्या ट्रेडमार्कसारखंच आहे, तुझा त्यावर काही हक्क नाही, आणि तू ते वाईट हेतूने घेतलंस आणि वापरलंस. पहिलं उघडच आहे. बाकीचं दाखवायला त्यांच्याकडे काहीच नव्हतं. आता तू त्यांच्याच गिऱ्हाइकांना त्यांच्याच नावाने काहीच्या बाही सांगायला लागलीस, म्हणजे त्यांच्या हातात आयतं कोलीत दिलंस. तंबू एका बाजूला कलतो म्हणून त्या बाईंनी विचारलं आणि तू त्यांना काकडीची चकती समोर ठेवायला सांगितलीस. त्या काकडी घेऊन शोरूममध्ये आल्या आत्या. मॅनेजरने त्यांना पाणी पाजलं आणि बसवून ठेवलं.

‘बिनकण्याचा’ काढून टाक.

नाव ज्याला सुचलं तो खरंच कल्पक असावा, हे तुझं म्हणणं पटलं. अशी नावं टेबलाशी बसून सुचत नाहीत. लोक ‘गरुड’, ‘शिखर’ असली नावं देतात, त्यात कोणाला घर आठवत नाही. गोगलगाय म्हटलं की मनात एकदम ओलसर, सावलीतलं, आपल्यापुरतं असं काहीतरी उभं राहतं. त्या माणसाने लहानपणी नीट बघितलं असणार. त्याला कंपनीत किती मान मिळाला असेल ते माहीत नाही, पण मिळायला हवा.

तुझा
टिल्ल्या


१८ मार्च

टिल्ल्या,

काकडीचं मी तुला लिहिलंच नव्हतं.

आता हे पत्र घेऊन खाली बस. तुझ्या खोलीतली ती डुगडुगती खुर्ची नको, पलंगावर बस.

नोटिशीचं पाकीट फोडलं तेव्हाच मला कळलं होतं. वर कंपनीचं चित्र होतं ना, गोगलगायीचं? शंखाचं टोक वर धरून त्याचं तोंड आपल्याकडे केलं, तर ते उजव्या बाजूला येतं. हजारोंत एखादीचंच डावीकडे. चित्रातलीचं डावीकडे होतं. म्हटलं, चित्रकार गोंधळला असेल, असे पुष्कळ गोंधळतात. पण शंखाच्या काठाला तिरकी खाच होती. ती काही कोणी गोंधळून काढत नाही. ही पाण्याच्या पिंपामागे तुला सापडलेली डावखुरी. तू तिला साबणाच्या डबीत घालून शाळेत नेली होतीस, आणि बाईंनी तुम्हा दोघांना वर्गाबाहेर उभं केलं होतं. तिचा फोटो माझ्या साइटच्या पहिल्या पानावर आहे. तूच लावला होतास.

तेव्हा ‘शब्दांच्या धंद्यातला तू मदत कर’ हे मी अगदी सरळ मनाने लिहिलं होतं असं नाही. कल्पक माणसाबद्दल विचारलं तेही मुद्दाम. एका ओळीला तू अख्खा परिच्छेद दिलास. मी तो तीनदा वाचला आणि तीनदा हसले. छान लिहिलायस.

आणि खरं सांगायचं तर, ‘चौघं मावतील का’पासून पुढे मला सगळं कळत होतं. तेवढी गंमत मी केली.

पण काल लवादाचे कागद आले. कंपनीने तक्रार रीतसर दाखल केली आहे. त्यात लिहिलंय की माझ्याशी त्यांचा कसलाही संबंध नव्हता, मी कोण हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि त्यांचं नाव गाजल्यावर मी ते बळकावलं. ते वाचून मात्र हसू आलं नाही. नाव घेतलंस, गोगलगाय घेतलीस, मला काही वाटलं नाही. लहानपणीचं जे आहे ते तुझंही आहे. पण मला चोर ठरवणारा कागद तयार होत होता तेव्हा तू त्या खोलीत होतास का, एवढंच सांग.

आत्या


५ एप्रिल

आत्या,

होतो.

पंखा लावायला उठलो, तेवढीच माझी हालचाल. वकील वाचून दाखवत होते आणि मी मान खाली घालून पेनाचं टोपण काढत-घालत होतो.

सुरुवात अशी झाली. नाव सगळ्यांना आवडलं, साहेबांनी पाठ थोपटली आणि विचारलं, “डोमेन कोणाकडे आहे?” मी म्हटलं, “माझ्या आत्याकडे. एका फोनचं काम आहे.” मग मी फोन करायचो, तू उचलायचीस, गॅलरीत कोणी अंडी घातली ते सांगायचीस, आणि मी हवापाण्याचं बोलून ठेवून द्यायचो. साहेब रोज विचारायचे, “झालं का?” मी म्हणायचो, “होतंय.” शेवटी ते म्हणाले, “तुझ्याच्याने होत नाही, वकिलाकडे देतो.” मला वाटलं नोटीस बघून तू घाबरशील आणि सोडून देशील. तुला इतकी वर्षं ओळखतो, तरी असं वाटलं. ‘आत्या’ हा शब्द तक्रारीत कुठेच आला नाही, कारण वकिलांना तो अडचणीचा वाटला.

तुझं पत्र आल्यावर साहेबांकडे गेलो. म्हटलं, “तक्रारीत खोटं लिहिलंय. ते नाव मीच तिला घेऊन दिलं होतं. तेव्हा आपली कंपनी जन्मलीसुद्धा नव्हती. आपलं चित्रही तिच्याच फोटोवरून काढलंय.”

साहेब म्हणाले, “तू पगार कोणाचा घेतोस?”

मी म्हटलं, “तुमचाच. पण आत्या माझी आहे.”

ते बराच वेळ टेबलावरची काच पुसत राहिले. मग म्हणाले, “तक्रार आता मागे घेता येणार नाही, लोक हसतील. तू उद्यापासून गोदामात बस.”

त्यामुळे हल्ली मी गोदामात आहे. परत आलेले तंबू उघडायचे, चेन बघायची, घडी घालायची. तुझं ओल्या फडक्याचं खरं आहे. अडकलेली चेन त्याने सुटते. इथल्या मुकादमांना सांगितलं, ते म्हणाले, “हे कुठे शिकलास?” मी म्हटलं, “घरी.”

मला साक्षीला घे. नाव कधी घेतलं, कोणी घेतलं, सगळं लिहून सही करून देतो. नोकरी जाईल, तर जाऊ दे. हे शौर्य म्हणून लिहीत नाही, गोदामातल्या नोकरीबद्दल एवढं शौर्य लागत नाही.

टिल्ल्या


२६ मे

टिल्ल्या,

निकाल आला. नाव माझंच राहिलं.

तुझी साक्ष मी जोडली नाही. भाच्याची नोकरी घालवून राखलेल्या घरात मला पाहुणे बोलवायचे नव्हते. आणि गरजही पडली नाही. ज्यांच्याकडे आपण नावाचं भाडं भरतो त्यांच्याकडे पहिल्या दिवसाची तारीख असते. ती ट्रेडमार्कच्या कितीतरी आधीची निघाली. त्यासोबत डावखुरीचा फोटो आणि शेजारी कंपनीचं चित्र, एवढंच पाठवलं. पोस्टवाल्या गृहस्थांनी आपण होऊन लिहून दिलं की ते रोज साइट बघतात. दाढीचंही लिहिलं त्यांनी. मी नको म्हणत होते.

पंचांनी लिहिलंय की जे नाव कंपनीच्या जन्माआधी घेतलं ते कंपनीला लुबाडायला घेतलं असं म्हणता येत नाही. ज्यांनी चित्रच माझ्या साइटवरून उचललं त्यांनी मला ओळखत नाही म्हणणं बरं नव्हे, आणि ही तक्रार करायलाच नको होती. माझ्या कानाखालीही एक हळूच काढली आहे: ‘प्रतिवादी बाईंची ग्राहकांना दिलेली उत्तरं मनोरंजक असली तरी अनावश्यक आहेत.’ अनावश्यकचं काही नाही. मनोरंजक म्हटलं ना? ते मी कापून फ्रेम करायला टाकलंय.

आता पुढचं ऐक. गेल्या आठवड्यात दुकानात एक गृहस्थ आले. इस्त्रीचे कपडे, हातात निकालाचा कागद, आणि तो कागद हात लांब करकरून वाचताहेत. मी ओळखलं, हे तुझे साहेब.

“बाई, किती घ्याल?”

“चष्म्याचे?”

“नावाचे.”

“आधी नंबर काढू या,” मी म्हटलं. “तुम्हाला जवळचं दिसत नाही.”

बिचारे बसले खुर्चीवर. अक्षरांचा तक्ता समोर, तोंडावर ते लोखंडी चौकटीचं ओझं, अशा अवस्थेत माणूस फार ताठ राहू शकत नाही. मी एकेक काच बदलत विचारत गेले, “आता? आणि आता?” नाव विकायचं नाही, हे तिसऱ्या काचेला सांगितलं. मात्र वाट चुकलेल्या गिऱ्हाइकांचे हाल मलाही बघवत नाहीत. म्हणून साइटच्या माथ्यावर एक ओळ घालेन: तंबू हवा असेल तर पलीकडे जा, गोगलगाय हवी असेल तर या. पत्ते चुकलेल्या ईमेलही त्यांच्याकडे पाठवीन. त्या बदल्यात चित्रातून डावखुरी काढायची. आणखी एक किरकोळ अट होती, तीही त्यांनी मान्य केली.

माणूस वाईट नाही. जवळचा नंबर बराच निघाला. चष्मा घालून त्यांनी निकाल परत एकदा वाचला आणि म्हणाले, “हे असं लिहिलंय होय.”

तुझ्याबद्दल मी एक अक्षर बोलले नाही.

आत्या


१४ जुलै

प्रिय आत्या,

एक अक्षर बोलली नाहीस म्हणे. साहेबांनी मला बोलावून तुझी किरकोळ अट वाचून दाखवली: चुकून आलेल्या प्रत्येक ईमेलला माणसाने उत्तर द्यायचं, मशीनने नाही, आणि तो माणूस गोदामातला उंच मुलगा असला पाहिजे.

त्यामुळे मी परत वर आलोय. खिडकीजवळचं टेबल मिळालंय आणि दिवसभर लोकांच्या शिव्या खातोय. तू पाठवतेस त्यातल्या निम्म्या तू गंमत म्हणून निवडून पाठवतेस असा मला दाट संशय आहे. काल एकाने लिहिलं की त्याची बायको रागावून तंबूत जाऊन बसली आहे, बाहेर येत नाही, तर आमची चेन बाहेरून उघडता येते का. मी लिहिलं, येते, पण उघडू नका. संध्याकाळी त्याचं आभाराचं पत्र आलं.

पण मी लिहायला बसलो ते वेगळंच सांगायला. कंपनी झोपायच्या गुबगुबीत पिशव्या काढते आहे. बैठकीत साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “सुरवंट.” सगळ्यांनी बाकं वाजवली. वकील म्हणाले, “डोमेन मोकळं आहे का?” मोकळं नव्हतं. एक गृहस्थ आहेत, लाकडाच्या छोट्या आगगाड्या बनवतात, डबे एकमेकांत अडकवून. त्यांनी कित्येक वर्षांपूर्वी ‘सुरवंट’ नाव घेतलंय. वकिलांनी पेन काढलं. मी म्हटलं, “थांबा, मी आधी विचारतो.”

चांगलं पानभर पत्र लिहिलं त्यांना, हाताने. आम्ही कोण, नाव कशाला हवं, देणार नसाल तर राग नाही, सगळं. काल उत्तर आलं. एकच ओळ: ‘विचारल्याबद्दल आभार. नाही.’

साहेबांना नेऊन दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, वाचलं, आणि म्हणाले, “मग दुसरं नाव शोध.” वकिलांनी पेन खिशात ठेवलं. मला इतकं बरं वाटलं की मी जिना उतरून रस्त्यावर एक चक्कर मारून आलो.

रविवारी येतो. गॅलरीत जागा ठेव.

तुझा
टिल्ल्या


१९ जुलै

टिल्ल्या,

रविवारी ये. येताना मऊ ब्रश आण, कुंड्या साफ करायच्या आहेत, आणि तुझे हात लांब आहेत.

सुरवंटवाले माझ्या साइटचे जुने वाचक. तुझ्या पत्रात ‘गोगलगाय’ वाचून त्यांनी मला विचारलं होतं, मुलगा कसा आहे? मी कळवलं, आधी विचारायला शिकलाय, आता पोरगा चांगला आहे. पण देऊ नका.

आत्या